सातव्या टाकीतल्या माद्या

एक

सकाळच्या फेरीला निघालेल्या संचालकांना सातव्या टाकीत बारा मृतदेह सापडले. त्यांनी पोलिसांना बोलावलं नाही, कारण मृतदेह कोळंब्यांचे होते. त्यांचा चेहरा मात्र पोलिसांना बोलावण्याइतका झाला होता.

त्यांनी फोन केला तो काकांना. काका म्हणजे जलचरांच्या रोगांचे निवृत्त तपासनीस. सख्खा पुतण्या एकही नसताना साऱ्या किनाऱ्याचे काका झालेले. काकू गेल्यापासून ते घरात प्रेशर कुकरशी बोलत. कुकरने शिट्टी दिली की “आलो, आलो” म्हणत उठत, आणि तिसऱ्या शिट्टीनंतर तो गप्प झाला की त्यांना जरा चुकल्यासारखं होई. त्यामुळे फोन वाजला तेव्हा त्यांनी आधी कुकरकडेच पाहिलं.

“काका, डॉक्टरबाईंच्या माद्या मेल्या,” संचालक म्हणाले. “अंगावर पांढरे ठिपके आहेत.”

काकांनी गॅस बंद केला.

या केंद्रात कोळंबीचं बीज तयार होत असे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा तळ्यात शिरला की आठवडाभरात तळं साफ. डॉक्टरबाईंनी पंधरा वर्षं खपून, पिढ्यामागून पिढ्या निवडून या रोगापुढे टिकणारा वंश तयार केला होता. सातव्या टाकीत त्या वंशातल्या सर्वांत नामांकित बारा माद्या होत्या. त्यांनीच ठिपक्यांच्या रोगाने मरावं, म्हणजे अग्निशमन दलाच्या कचेरीनेच पेट घेण्यासारखं झालं.

“उद्या समिती येतेय पाहणीला,” संचालक म्हणाले. “रोगाने मेल्या असं तुम्ही म्हणालात, तर आज संध्याकाळी त्या दालनातल्या सगळ्या टाक्यांत ब्लीचिंग पावडर. नियमच आहे. त्यांच्या बहिणी, लेकी, काही शिल्लक ठेवता येणार नाही.”

“आणि बाई?”

“बाईंना दुसरं काहीतरी काम बघू,” संचालक म्हणाले. एखाद्याला बुडवताना टॉवेल पुढे करावा, तसा त्यांचा आवाज झाला होता.

दोन

मृतदेह रोगखोलीत ठेवले होते. या खोलीचा नियम कडक होता. जिवंत माद्यांच्या दालनात काम करणाऱ्याने इकडे फिरकायचं नाही, नाहीतर पायाला लागून रोग तिकडे जायचा. म्हणून खुद्द डॉक्टरबाईंना आपल्या माद्यांचं शेवटचं दर्शनही घडलं नव्हतं. मेलेल्यांना पाहिलं होतं ते दोघांनीच. एक संचालक आणि दुसरे पावडरवाले डॉक्टर.

पावडरवाले डॉक्टर कोळंबीच्या खाद्यात घालायचं प्रतिकारशक्तीवर्धक चूर्ण बनवत. चूर्णाने कोळंबीचं काय होई हे वादग्रस्त होतं. डॉक्टरांची प्रकृती मात्र चांगली सुधारली होती.

“जनुकं, जनुकं,” ते ट्रेवर वाकून म्हणाले. “पंधरा वर्षं ऐकतोय. हे बघा जनुकांचं कर्तृत्व.”

काकांनी एक मादी उचलून उजेडात धरली. पाठीच्या कवचावर खडूचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे ठिपके. शंकेला जागाच नव्हती. चेहऱ्यावर एकच डोळा. दुसऱ्याच्या जागी जुनी, भरून आलेली खूण. बाकीच्या अकराही तशाच.

“हे कशाने?” दारातून संचालकांनी विचारलं. ते मूळचे हिशेबखात्यातले होते.

“अहो साहेब, डोळा कापलेला आहे,” पावडरवाले म्हणाले. “डोळ्याच्या देठात अंडी रोखून धरणारी ग्रंथी असते. एक देठ कापला की मादी झटपट अंडी धरते. इथे आलेल्या प्रत्येक मादीचा कापतात. आपल्याकडे नोकरीला लागताना छातीचे ठोके तपासतात ना, तसं.”

“आणि दुसरा डोळा?”

“तो भविष्याकडे बघायला.”

संचालक हसले नाहीत. काकांनी कात्री घेतली आणि एकेकीची पाठ उघडून आतडं पाहिलं. रिकामं. दुसरीचंही रिकामं. बाराव्या आतड्यापर्यंत अन्नाचा कण दिसला नाही.

“मग, काका? रोगच ना?”

“रोगच,” काका म्हणाले.

संचालकांनी ब्लीचिंग पावडरीसाठी फोन काढला.

“पण उपाशी मेल्यात,” काका पुढे म्हणाले. “रोग अंगात भिनला की कोळंबी खाणं सोडते आणि चार दिवस टाकीच्या कडेला लोंबकळत राहते. चार दिवस बारा जणी जेवल्या नाहीत, आणि हे बाईंच्या लक्षात आलं नाही?”

फोन परत खिशात गेला. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता.

तीन

“मी कशाला मारू?” पावडरवाले डॉक्टर विचारण्याआधीच म्हणाले. “बाईंचा वंश टिकला तर माझं चूर्ण कोण घेणार, हे खरं. पण काका, मला माणसाचा स्वभाव माहीत आहे. रोगाला न भिणारी कोळंबी मिळाली तरी लोक वर चूर्ण घालतीलच. विम्यावर गंडा बांधावा तसं.”

हे काकांना पटलं. माणूस ढोंगी असला तरी व्यवहार जाणत होता.

मग काका उत्पादन विभागात गेले. तिथले व्यवस्थापक म्हणजे डॉक्टरबाईंचे यजमान. वर्षाकाठी लाखो पिल्लं बाहेर काढणारा, दिव्यांनी लखलखणारा विभाग. यजमान मधोमध एकटेच उभे होते. डोळे लाल, दाढी वाढलेली.

“या काका. चहा घ्याल? इथला चहा खारट लागतो, पण गरम असतो.”

“तुमच्याकडे काही रोगबिग?”

“नाही,” यजमान म्हणाले. ते जरा जास्तच लवकर म्हणाले. “रोग असता तर आजच सगळं बुडवावं लागलं असतं.”

“बाईंना भेटलात?”

“फोन केला होता. उचलला नाही. परवापासून ती घरी आलेली नाही, समितीची तयारी चालली आहे ना. तिच्या खोलीत कोच आहे. आमच्या पलंगापेक्षा तो जास्त वापरला गेलाय.” ते हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. “पंधरा वर्षं झाली, काका. पहिल्या पिढीच्या वेळी मी रात्ररात्र तिच्याबरोबर जागलोय. पाण्याचा खारटपणा मी मोजायचो. मग मला इकडे टाकलं. तिच्या त्या अंधाऱ्या दालनात मी शेवटचा कधी गेलो, तेही आठवत नाही. आता घरी आमचं बोलणं म्हणजे गॅस संपला, किल्ली कुठंय, एवढंच.”

“त्रास होत असेल.”

“सवय होते हो. कोळंबीचा मला राग नाही. आमच्या इथल्या माद्या बिचाऱ्या काण्या, कुणीकडे बघतायत तेच कळत नाही. तिच्या मात्र दोन्ही डोळे लावून बघत राहतात तुमच्याकडे. तसं कुणी बघायला लागलं की माणूस विरघळतोच. तिचंही काही चुकलं नाही.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. जेवायला घरी जायचंय म्हणाले.

“घरी कोण आहे?” काकांनी सहज विचारलं. एकट्या माणसाला दुसऱ्याच्या जेवणाची चौकशी करायची खोडच असते.

यजमानांनी उत्तर द्यायला उगीचच वेळ घेतला.

“कोणी नाही,” ते म्हणाले.

चार

डॉक्टरबाईंची खोली दालनाला लागून होती, म्हणून काकांनी आधी हातपाय धुतले. कोचावर नीट घडी घातलेली शाल, टेबलावर सूक्ष्मदर्शक, खिडकीत काहीतरी पारदर्शक वाळत घातलेलं. बाई रडल्या नव्हत्या. रडायला घर गाठावं लागतं, आणि तेवढी सवड त्यांना मिळाली नसावी.

“त्यांना खूप त्रास झाला का, काका?”

“बाई, त्यांनी चार दिवस काही खाल्लं नव्हतं.”

“काहीतरीच काय? काल दुपारी मी स्वतः माकूळ मासळीचं खाणं घातलं. ताट चाटूनपुसून खावं तसं संपवलं त्यांनी. मग मी समितीच्या तयारीच्या बैठकीला गेले. पार रात्र झाली. आले ती थेट या कोचावर पडले.”

काका समोरच्या खुर्चीत बसले. बाईच बोलत राहिल्या. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी समोर बसून ऐकत होतं.

“माणसाला एकदा गोवर झाला की रक्त ते लक्षात ठेवतं. पुन्हा आला तर ओळखून हाकलतं. कोळंबीचं तसं नाही. तिचं रक्त जवळजवळ काही शिकत नाही. प्रत्येक रोग तिला पहिल्यांदाच भेटतो. मग जन्मताना जे घेऊन आली, त्यावरच लढायचं. कुणाच्या अंगात घुसखोर शिरल्याबरोबर घंटा वाजते, कुणाच्यात सगळं संपल्यावर वाजते. घंटा कधी वाजणार, किती जोरात वाजणार, हे काही जनुकं ठरवतात. मी पंधरा वर्षं फक्त लवकर घंटा वाजणाऱ्या निवडल्या. शिकवता येत नाही ना, मग निवडायचं.” त्या थांबल्या. “आणि ज्यांच्या रक्ताने मला कधी दगा दिला नाही, त्या काल एका दमात गेल्या, असं मला सांगतायत.”

काका उठून खिडकीशी गेले. वाळत घातलेली वस्तू म्हणजे कोळंबीची कात होती. कोळंबी वाढते तशी जुनं कवच अखंड उतरवून बाजूला ठेवते. काचेसारखं, मिशांसकट, पायांसकट. काकांनी ती कात उन्हात धरली. तिने काकांकडे पाहिलं.

दोन डोळ्यांनी.

“ही कुणाची?” काकांनी अगदी हळू विचारलं.

“सातव्या टाकीतली. परवा टाकली.”

“हिचा डोळा कापलेला नाही.”

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. “मी कधीच कापला नाही. कुणाचाच नाही. डोळा कापला की मादी अंडी देते भराभर, पण तिची ताकद ढासळते. मी जी ताकद मोजायला बसलेय, तीच आधी कापून काढू? माझ्या माद्या सावकाश अंडी देतात. मी वाट बघते. नियमाविरुद्ध आहे म्हणून कुणाला सांगितलं नाही. दालन कायम अंधारात असतं, आत माझ्याशिवाय कोणी फारसं थांबत नाही. कुणाला दिसणार?”

“यजमानांना ठाऊक आहे?”

“त्याला?” बाई ओशाळं हसल्या. “त्याला मी काल काय जेवले तेही ठाऊक नसतं.”

काकांनी कात जपून टेबलावर ठेवली.

“बाई, चप्पल घाला. आपल्याला तुमच्या घरी जायचंय.”

पाच

घर केंद्राच्या आवारातच होतं. वाटेत काकांनी सगळं उलगडून सांगितलं. एवढं मन लावून ऐकणारं माणूस त्यांनाही बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं.

“ट्रेमधल्या बाराही माद्या काण्या आहेत. तुमच्या बाराही दोन डोळ्यांच्या. म्हणजे मेलेल्या तुमच्या नव्हेतच. रोगाने आधीच मेलेल्या दुसऱ्या कुणीतरी आणून टाकल्या आणि तुमच्या उचलून नेल्या. तुमच्या माद्या तुम्हीच बदलल्या असत्या तर काण्या आणून टाकल्या नसत्या, म्हणून तुम्ही सुटलात. ज्याने हे केलं त्याला वाटत होतं की सगळ्या माद्या काण्याच असतात. म्हणजे काल दुपारपर्यंत त्याला तुमचं गुपित ठाऊक नव्हतं.”

“पण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. संचालकांना नाही, पावडरवाल्यांना नाही.”

“आणि आजही नाही. संचालक मला विचारत होते की एकच डोळा का. पावडरवाले म्हणाले, इथे प्रत्येकीचा कापतात. दोघंही काल जिथे होते तिथेच आहेत. आज सकाळी एकच माणूस मला म्हणाला की तिच्या माद्या दोन्ही डोळे लावून बघतात. बाई, ज्याला काल हे ठाऊक नव्हतं आणि आज ठाऊक आहे, त्याने मधल्या वेळात त्यांना पाहिलंय. उजेडात पाहिलंय.”

बाई चालता चालता थांबल्या. मग पुन्हा चालू लागल्या, पण आता त्या काकांच्या पुढे होत्या.

दार उघडंच होतं. आतून पाण्यात हवेचे बुडबुडे सुटल्याचा आवाज येत होता. केंद्राने बांधून दिलेल्या या घरात एक मोठा थोरला टब होता. त्यात आजवर कुणी आंघोळ केली नव्हती. आत्ता त्याच्या काठाशी यजमान उकिडवे बसले होते. हातात माकुळाचे तुकडे. टबात बारा माद्या, बारीक कापलेलं जेवण दोन्ही हातांनी ओढून घेत होत्या.

यजमानांनी वर पाहिलं. लपवायला काही उरलं नव्हतं.

“मारायलाच आणल्या होत्या,” ते म्हणाले. “आमच्या विभागात आठवड्यापासून रोग आहे. मी दाबून ठेवला. त्यातल्या मेलेल्या बारा बादलीत घेतल्या. तुझ्या जागी त्या टाकल्या, तुझ्या घेऊन आलो. अंधारात काय दिसतंय? घरी येऊन दिवा लावला, तर चोवीस डोळे.”

“नुसत्या मारायच्या होत्यास,” बाई म्हणाल्या. “मेलेल्या आणून टाकायची काय गरज होती?”

“नुसत्या मेल्या असत्या तर तू उद्या पहिल्यापासून सुरू केलं असतंस. मी ओळखतो तुला. रोगाने मेल्या तरच तुला वाटलं असतं की सगळं खोटं होतं.” त्यांनी माकुळाचा तुकडा पाण्यात सोडला. “मग तू घरी आली असतीस.”

काका कॉरिडॉरमधल्या भिंतीकडे बघू लागले. भिंतीवर दोन किल्ल्या खिळ्याला टांगल्या होत्या, एकमेकींना न लागता. आदल्या रात्री बाई घरी झोपायला आल्या असत्या, तर हे कोडं दात घासतानाच सुटलं असतं.

 मग बाई खाली वाकल्या. काकांना वाटलं, आता कानफटात बसणार.

“खारटपणा किती ठेवलायस?” त्यांनी विचारलं.

“तीस.”

“कुणी सांगितलं?”

“तूच. पहिल्या पिढीच्या वेळी.”

बाईंनी पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि मान हलवली. अचानक त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“बादल्या किती होत्या?”

यजमानांनी कोपऱ्यातल्या बादलीकडे पाहिलं. “एकच.”

सहा

ज्या बादलीतून रोगाने मेलेल्या गेल्या, त्याच बादलीतून जिवंत आल्या होत्या. पंधरा वर्षांच्या अनुभवाचा व्यवस्थापक, पण चोरी करताना नवशिकाच. बादली विसळायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. रोग आता टबात होता.

बाईंनी तीन वर्षांपूर्वी समितीकडे अर्ज केला होता की या माद्यांची एकदा प्रत्यक्ष रोगाशी गाठ घालून परीक्षा घेऊ द्या. समितीने विषयाचं महत्त्व लक्षात घेऊन उपसमिती नेमली होती. उपसमितीला जे जमलं नव्हतं, ते बादलीने एका फेरीत उरकलं.

संध्याकाळी काकांनी संचालकांना सांगितलं की ट्रेमधल्या माद्या उत्पादन विभागातल्या आहेत, तेव्हा ब्लीचिंग पावडर तिकडे न्या. बाईंच्या दालनात आत्ता फक्त सातवी टाकी धुवा, बाकीच्यांत पावडरीचा एक कणही टाकू नका, टबातला निकाल येऊ द्या. संचालकांनी आधी नियम काढला, मग समितीला द्यायचं उत्तर काढलं, आणि दोन्ही एकमेकांशी जुळतायत असं पाहून सुटकेचा श्वास टाकला. यजमानांच्या चौकशीचा कागद तेवढ्यात तयारही झाला.

टबातल्या बारा जणींना परत दालनात नेणं आता अशक्य होतं. हलवणंही धोक्याचं. महिनाभर जागच्या जागी, कुणीतरी सतत लक्ष ठेवून. ते कुणीतरी कोण, याबद्दल चर्चा झाली नाही. बाईंनी कोचावरची शाल घरी आणली.

“म्हणजे तू आता घरी राहणार,” यजमान म्हणाले. त्यांना आनंद लपवता येईना, आणि आनंद व्हावा अशी वेळ नाही हेही कळत होतं.

“मी राहणार,” बाई म्हणाल्या. “तू नाही. तुझ्या कपड्यांना, चपलांना, सगळ्याला तिकडचा रोग लागलाय. टबात आहे तेवढा त्यांना पुरे. रोज नवा आणून घालायचा नाही. एक महिना या दारात पाऊल टाकू नकोस.”

म्हणताना त्या टबाकडे बघत होत्या. यजमान दाराबाहेर उभे राहिले, हातात एक पिशवी.

काका घसा खाकरले. “माझ्याकडे एक खोली रिकामी असते. कोळंबी नाही. कुकर आहे, पण तो फार बोलत नाही.”

असे ते दोघे एका घरात राहू लागले. पहिल्या आठवड्यात बाईंचा फोन आला नाही. यजमान ताट पुढ्यात घेऊन बसत आणि ते तसंच उचलून ठेवत. काकांना ट्रेमधली आतडी आठवत.

मग एका संध्याकाळी फोन वाजला.

“एक गेली,” बाई म्हणाल्या. “बाकीच्या खातायत. पण पंपाचा आवाज बदललाय. तू कुठला लावला होतास?”

यजमानांनी सांगितलं. नळी कुठे चिमटते तेही सांगितलं. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, त्याचं उत्तर द्यायला त्यांना पाऊण तास लागला. काकांनी टीव्हीचा आवाज आधी कमी केला, मग बंद केला आणि अंधारात बसून राहिले. दुसऱ्याच्या संसाराचा आवाज भिंतीपलीकडून बरा येतो, शब्द कळले नाहीत तरी चालतं.

पुढे फोन रोजच येऊ लागला. खारटपणा, माकूळ, पंप. मधूनच हसण्याचा आवाज. महिना भरला तेव्हा टबात अकरा जणी होत्या, आणि एकीच्याही कवचावर ठिपका नव्हता. समितीने आपल्या दूरदृष्टीबद्दल स्वतःचं अभिनंदन करणारा ठराव केला. बाईंच्या दालनातल्या बहिणी आणि लेकी वाचल्या. त्यांचे डोळे न कापायला लेखी परवानगीही आली.

शेवटच्या दिवशी यजमान पिशवी भरून दारात उभे राहिले. नोकरी गेली होती. अंगावर काकांनी दिलेले नवे कपडे होते, पायात नवी चप्पल.

“ती काय म्हणाली?” काकांनी विचारलं.

“म्हणाली, ये. पण पाय धुऊन ये.” यजमान जिना उतरता उतरता वळले. “काका, तुम्हीही या कधी जेवायला.”

“येईन की,” काका म्हणाले. असं म्हटल्यावर कुणी जात नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दार लावून ते स्वयंपाकघरात आले. सवयीने दोन वाट्या तांदूळ धुतले, मग त्यातली एक वाटी काढून पुन्हा डब्यात ठेवली. ओले तांदूळ डब्यात ठेवायचे नसतात, हे त्यांना नंतर सुचलं. कुकर चढवला. पहिली शिट्टी झाली.

“आलो,” काका म्हणाले. पण ते बघत होते फोनकडे.